मागची बाजू

धनकवडीत समुद्र नाही.
कात्रजचं तळं आहे, तेही सर्पोद्यानाचं तिकीट काढून बघायचं.
तरी त्या दिवाळीत, आमच्या पार्किंगमध्ये,
बी विंगच्या जिन्याखाली
विश्राम तांडेलांनी पाण्याकडे तोंड केलेला किल्ला बांधला.

सामान नेहमीचंच :
दोन घमेली तांबडी माती, फुटक्या विटा, गोणपाट,
वरून पेरायला अळीव.
आम्हाला तोरणा हवा होता.
काका म्हणाले, "तोरणा सी विंगवाले करतायत.
हा रुमेली हिसार. तुर्कांचा.
चार-साडेचार महिन्यांत उभा राहिला म्हणतात.
तुमच्या ए विंगला सात वर्षं लागली."

तीन जाडजूड बुरूज, डब्यांवर माती लिंपून :
एक डालड्याचा, दोन ऑइलपेंटचे.
त्यांच्यामधून उतारावरून घसरत आलेला तट.
खाली निळ्या ताडपत्रीची सामुद्रधुनी,
पलीकडच्या काठावर आणखी एक किल्ला, चहाच्या कपाएवढा,
आणि मध्ये पाणी जेमतेम वीतभर.

"तिकडे सामुद्रधुनीला आणि गळ्याला शब्द एकच."
काकांनी स्वतःच्या कंठावर बोट टेकवलं.
"इथं दाबलं की संपलं.
काळ्या समुद्राचा गहू इथूनच, माणसं इथूनच.
एक गलबत 'थांब' म्हटल्यावर थांबलं नाही.
वरून तोफेचा गोळा आला…"
पुढचं ऐकायला ओंकार थांबलाच नाही,
त्यानं काडेपेटीची बोट बुडवली.
मग दुपारभर आम्ही फक्त बुडवत होतो.

काका गव्हाच्या जहाजावर सुकाण्या होते.
"एक्केचाळीस वेळा गेलो ह्याच्या पायथ्यातून."
"वर चढलात?"
"सुकाणू हातात असलं की मान वळवायची नसते.
प्रवाह ओढतो, वळण आंधळं.
जाताना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून,
येताना उजव्या,
दिसला तेवढा दिसला."

शलाका जिन्याकडून मागं गेली.
मागं माती नव्हतीच.
उघडे डबे, डालड्याचं हिरवं झाड, गंजाची एक कड.
"काका, ह्याच्या मागं काय आहे?"

ते ओल्या हातानं बुरजाची कड गुळगुळीत करत होते.
"माहीत नाही," म्हणाले.

पुण्यात किल्ल्याबद्दल कुणी असं बोलताना
आम्ही तोवर ऐकलं नव्हतं.

मग मागची बाजू आम्हीच केली.
एक विहीर. पिठाची गिरणी. शेंगदाण्याची गाडी, चाकं बटणांची.
पुठ्ठ्याची लाल पीएमटी, पाटीवर स्वारगेट.
गेल्या वर्षीचे मावळे निघाले पाच,
एकाची तलवार मुठीपाशी मोडलेली.
"ह्यांचं काय करायचं?"
काका जरा वेळ गप्प.
"गिरणीपाशी बसवा. पाहुणे आलेत म्हणू."

स्पर्धेचे परीक्षक आले, उभ्याउभ्याच पाहिलं,
खाली कुणीच वाकलं नाही.
"सुबक आहे. पण हा आपला नाही ना."
वहीत काहीतरी लिहिलं.
सेक्रेटरी कानडे दोन दिवस काकांशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी स्वतःच्या नातवाला घेऊन आले,
बोट बुडवायला.

भाऊबिजेच्या रात्री आईनं मला चकल्यांची ताटली देऊन पाठवलं.
पार्किंगचा दिवा गेला होता, दोनच पणत्या.
काका फरशीवर कुशीला निजलेले,
गाल गार शहाबादीला टेकवून.
मला वाटलं पडले.
पण ते पाण्याच्या बाजूला नव्हते.
मागं होते, गिरणीच्या अंगाला,
डोळा विहिरीच्या काठाएवढ्या उंचीवर.

"इकडून चढ सोपा दिसतोय," म्हणाले.
मी ताटली खाली ठेवली.
मग त्यांनी बोटानं पीएमटी दोन विटा पुढं ढकलली.
"ही जाते कुठपर्यंत?"
"स्वारगेट," मी म्हटलं.

पडल्यापडल्याच त्यांनी लेंग्याचा खिसा चाचपला,
सुट्टे आहेत का बघितल्यासारखा.